शनिवारची रात्र तीनपर्यंत हवी? घ्या की!

मा. पबमालक महोदय,



शुक्रवारी आणि शनिवारी आपला पब रात्री दीडऐवजी तीनपर्यंत उघडा ठेवायची परवानगी आपण मागितली आहे, असं समजलं. समजलं म्हणजे काय, आपले मॅनेजर आमच्या सोसायटीच्या ऑफिसात ना-हरकतीचा कागद आणि काजूकतलीचा डबा ठेवून गेले. कागदावर अजून कुणाची सही पडलेली नाही. डबा मात्र बहुमताने मंजूर झाला. तेव्हा खाल्ल्या काजूकतलीला जागावं आणि आपल्या अर्जाला जाहीर पाठिंबा द्यावा, म्हणून हा पत्रप्रपंच.

सर्वांत आधी आपल्या विनयाचं कौतुक करतो. पुण्यात दारू देणाऱ्या जागांना रात्री दीडची मर्यादा आहे. दीडला आपल्याकडे काय होतं, ते आमच्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून छान दिसतं. दीडला पाटीवरचे दिवे जातात. पावणेदोनला गिऱ्हाईक फाटकाबाहेर येतं आणि तिथून खरा कार्यक्रम सुरू होतो. गाडी कोण चालवणार यावर परिसंवाद, ‘तू माझा सख्खा भाऊ आहेस’ या विषयावर भाषण, मग त्याच दोन भावांत हाणामारी, बाउन्सरची मध्यस्थी आणि समारोपाला सायलेन्सर बदललेल्या बुलेटचे फटाके. हे सगळं आटपेपर्यंत तीन वाजतातच. म्हणजे जे मागताय ते आपल्याकडे आधीपासून आहे. जे हातात आहे तेच लेखी मागायला येणं, एवढी नम्रता आजकाल कुठे पाहायला मिळते?

आता सरकारने तीनची वेळ दिली, तर याच हिशेबाने गल्ली साडेचारला शांत होईल. साडेचारला दूधवाला येतो, पाचला पेपरवाला, साडेपाचला हास्यक्लब. मध्ये झोपेसाठी फट राहणार नाही, ही मोठीच सोय. स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत २०१६ साली पुण्याचं नाव आलं, तेव्हापासून आम्ही विचारत होतो की शहर जागं कधी होणार. उत्तर आपल्याकडून आलं.

संगीताबद्दल तर किती बोलावं! २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम म्हणतात की रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र, आणि वस्तीत रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या वर नको. नियम करणाऱ्यांनी आपला गच्चीवरचा डीजे ऐकलेला नव्हता. आवाज कानात शिरतो, असं जुने लोक समजत. आपला आवाज पलंगाच्या पायांतून चढतो. शोकेसमधले कप थरथरतात, औषधाची गोळी टेबलावरून घरंगळते. ११२ ला फोन केला की बीट मार्शल येतात, आवाज खाली जातो. मार्शल वळले की आवाज परत वर. या दहा मिनिटांच्या शांततेत आमच्याकडची लहान मुलं दचकून उठतात. आणि मराठीवरचं आपलं प्रेमही आम्ही विसरलेलो नाही. केंद्राने तिला अभिजात दर्जा दिला ऑक्टोबर २०२४ मध्ये. आपल्याकडे मात्र रोज रात्री साडेबाराला एक मराठी गाणं लागतं आणि अख्खा मजला नाचतो. शासकीय अनुदानाशिवाय चाललेला एवढा भाषाविकास दुसरीकडे नाही.

कायद्याचा मुद्दा काढून काही जण आपल्याला विरोध करतील. त्यांना मी परस्पर उत्तर दिलं आहे. आपला परवाना ज्या कायद्याखाली आहे, त्याचं नाव महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. दारूबंदीच्या कायद्याखाली दारू विकायची परवानगी देणारं हे राज्य. इथे रात्रीच्या परवान्यावर पहाट मागितली तर बिघडलं काय? याच कायद्याप्रमाणे पिणाऱ्यालाही परवाना लागतो. विदेशी मद्यासाठी एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात, जन्मभराचा हजारात. आपल्याकडे साध्या पाण्याच्या बाटलीला पाच रुपयांहून कितीतरी जास्त मोजावे लागतात. पण पाच रुपयांचा तो कागद मागताना आपल्या माणसाला संकोच होतो. वयाचंही तसंच. बिअर आणि वाइनला २१ वर्षं पूर्ण लागतात, त्यापुढच्या दारूला २५. आपला बाउन्सर मात्र वय ओळखपत्रावरून ओळखत नाही, बुटांवरून ओळखतो. महाग बूट घातलेला मुलगा अल्पवयीन कसा असेल?

शिवाय सरकारचा हात आखडता आहे, असंही नाही. २४, २५ आणि ३१ डिसेंबरला परमिट रूम पहाटे पाचपर्यंत उघड्या ठेवायची सवलत मिळते. त्या रात्रीनंतरही आम्ही जिवंत आढळलो, हा मुद्दा आपण अर्जात जरूर घाला.

खरा अन्याय आपल्यावर नाही, कोपऱ्यावरच्या इडलीवाल्यावर होतो. राज्यातली दुकानं आणि हॉटेलं चोवीस तास उघडी ठेवायची मोकळीक २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दिली. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा स्पष्ट करून सांगितली. वगळलं ते दारू देणाऱ्या जागांना. म्हणजे कागदावर तो रात्रभर इडली विकू शकतो आणि आपण दीडनंतर पेग देऊ शकत नाही. गल्लीत नेमकं उलटं चालतं. अकरा वाजले की पोलिसांची शिट्टी वाजते आणि इडलीवाल्याचं शटर खाली येतं. शेजारची भुर्जीची गाडी तर शिट्टीचीही वाट पाहत नाही, लांबून दिवा दिसला तरी गॅस बंद होतो. मंडळाच्या पोरांनाही दहानंतर स्पीकर लावता येत नाही. बारापर्यंतची सवलत मिळते ती जाहीर झालेल्या मोजक्या दिवशी, वर्षाकाठी फार तर १५. एका दिवशी मिरवणूक रेंगाळली तर गुन्हा दाखल होतो. या सगळ्यांचं घड्याळ एक आणि आपलं वेगळं. त्या बिचाऱ्यांना ना-हरकतीचा कागद कसा फिरवायचा ते माहीत नाही, आणि काजूकतली परवडत नाही.

आपली बाजू मी सोसायटीच्या बैठकीत प्रामाणिकपणे मांडली. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ मध्ये पाचवरून दहा टक्के झाला. जागेचं भाडं, परवान्याचं शुल्क, वीज, डीजे, बाउन्सर हे सगळं भागवायचं तर आठवडाभराचा गल्ला शनिवारीच जमवावा लागतो. हे खरं आहे आणि त्यात कुचेष्टेला जागा नाही. रोजगाराचा मुद्दाही पटतो. फक्त पहाटे चारला भांडी आटोपून खोलीवर जाणाऱ्या आपल्या पोरांना जादा तासांची दुप्पट मजुरी मिळणार का, हे अर्जात लिहायचं राहिलं असावं. कायद्यात ते लिहिलेलं आहे, म्हणून आठवण.

आता एक शंका. तीनला आपलं गिऱ्हाईक घरी जाणार कसं? मेट्रो अकराला झोपते. त्या वेळी आमच्या स्टॉपवर बस नसते. रिक्षावाला तोंडाला येईल तो आकडा सांगतो. म्हणजे ते आपल्याच गाडीने जाणार, आणि गाडीची किल्ली तर आपला व्हॅले पार्किंगवाला अदबीने हातात देतो. मोटार वाहन कायद्याचं १८५ कलम १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंत अल्कोहोल चालवून घेतं. त्यापुढे पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आपल्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या किमती पाहता दहा हजार ही टीप झाली.

इथे मात्र मला थट्टा जमत नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे अडीचच्या सुमारास कल्याणीनगरात एका पोर्शने मोटरसायकलवरच्या दोन तरुण अभियंत्यांना चिरडलं. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता. त्याआधी तो मित्रांबरोबर दोन ठिकाणी दारू प्यायला होता, असं पोलिसांनी सांगितलं. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. मुलाला अपघाताच्या दिवशीच मिळालेल्या जामिनाच्या अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहायचा होता. देशभर ओरड झाल्यावर आदेश बदलला. आपल्याला एका वेळेबद्दल लिहायला मला ३०० च्या कितीतरी पुढे जावं लागलं. तिथे दोन जिवांना तेवढे पुरणार होते. अडीच वाजता रस्त्यावर कोण असतं, हे पुण्याला आता अर्ज करून विचारावं लागत नाही.

तेव्हा पाठिंब्याच्या अटी साध्या आहेत. दीड म्हणजे दीड : गिऱ्हाईक आपल्या फाटकाबाहेर आणि आमच्या गल्लीबाहेर. दहानंतर गच्चीवर स्पीकर नाही. दारावर प्रत्येकाचं ओळखपत्र, बूट कोणतेही असोत. प्यायलेल्याच्या हातात किल्ली नाही. टॅक्सी बोलावायची जबाबदारी आपली. यातली एकही अट आम्ही नव्याने घातलेली नाही. पहिल्या तीन कायद्याला धरूनच आहेत आणि उरलेल्या दोन कोणत्याही शहाण्या यजमानाला सांगाव्या लागत नाहीत. सलग सहा महिने एवढं पाळून दाखवा. त्यानंतर तीनच्या अर्जावर पहिली सही माझी असेल.

तोवर ना-हरकतीचा कागद कोराच परत पाठवत आहे. डबा रिकामा आहे, क्षमस्व.

आपला जागा शेजारी,
दुसरा मजला, पबकडची खिडकी

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी :
१. अधीक्षक, राज्य उत्पादन शुल्क
२. वरिष्ठ निरीक्षक, स्थानिक पोलीस ठाणे
३. सोसायटीचा नोटीस बोर्ड
४. कोपऱ्यावरचा इडलीवाला