मायेचे तास

अमेरिकेत डॉक्टर व्हायचं तर आधी दुसरं काहीतरी व्हावं लागतं. बारावी झाली की मेडिकल, हा प्रकार सहसा नाही. आधी चार वर्षं कॉलेज, विषय कुठलाही. इतिहास घ्या, संगीत घ्या. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि ती भल्याभल्यांना रडवणारी ऑरगॅनिक केमिस्ट्री तेवढी सोबत उरकायची. 'प्री-मेड' ही पदवी नाही, अवस्था आहे. ती साताऱ्याच्या सासूबाईंना फोनवर समजावणं हे त्या केमिस्ट्रीहून अवघड.

"नात काय शिकतेय?"

"तत्त्वज्ञान."

"आणि डॉक्टरकी?"

"ती नंतर, चार वर्षांनी. नंबर लागला तर."

"लातूरला क्लासला घातली असतीत तर एव्हाना घरात स्टेथोस्कोप आला असता."

त्यांचं काही चुकत नाही. नीट कशी सुटसुटीत: 180 प्रश्न, 720 गुण, एका दुपारी निकाली. मूल स्वभावाने कसं आहे, याची चौकशी कुणी करत नाही. इथे एमकॅट नावाची परीक्षा आहेच, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तासांची. तिचे गुण 472 ला सुरू होऊन 528 ला संपतात. (कोऱ्या डोक्याने गेलं तरी 472 हातात! आमच्या बोर्डाने ही माणुसकी कधी दाखवली नाही.)

पण एवढ्यावर भागत नाही. अर्जात आपले जास्तीत जास्त पंधरा उपक्रम लिहायचे, प्रत्येकाला 700 अक्षरं, आणि शेजारी तासांचा रकाना. रुग्णसेवा किती तास, संशोधन किती, डॉक्टरांच्या मागे हाताची घडी घालून नुसतं उभं राहणं किती. पोटात माया असून चालत नाही, तिची हजेरी लागलेली हवी.

याचा सगळ्यात मोठा फायदा आमच्या मंडळाच्या गणपतीला झाला. एरवी फोनमधून मान वर न काढणारी पोरं महाप्रसादाला वाढायला धावतात. मागच्या वर्षी पंगतीत चटणीला एक, कोशिंबिरीला एक आणि नुसत्या लिंबाच्या फोडीला एक असे तिघं उभे होते. लिंबूवाला म्हणे "अन्नसुरक्षा क्षेत्रात" काम करत होता. खुर्च्या रचणाऱ्याने "नेतृत्व" लिहून घेतलं. आरती संपते न संपते तोच सेक्रेटरींभोवती सह्यांसाठी ही गर्दी. त्या बिचाऱ्यांना मोदक मिळाला नाही. माझ्या मुलीने जोडे सांभाळले. त्याचं काय लिहिलं ते तिने मला दाखवलं नाही, पण 700 अक्षरं पुरली नाहीत म्हणून चिडली होती.

अशा वेळी मला हटकून आनंदीबाई जोशी आठवतात. 1883 साली कलकत्त्याहून बोटीने आल्या आणि इथल्याच रोझेल गावात कार्पेंटर नावाच्या बाईंकडे उतरल्या. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला पत्र लिहून प्रवेश मागितला, तो मिळाला, आणि 1886 मध्ये त्या एम.डी. झाल्यासुद्धा. एवढ्या काळात आमची कन्या जेमतेम अर्जाला हात घालते. शिवाय अठराव्या वर्षी समुद्र ओलांडणं हे आज कुठल्या सदरात टाकणार? नेतृत्व की छंद? आणि सही कुणाची, बोटीच्या कप्तानाची?

शेवटी निबंध. डॉक्टर का व्हायचंय, ते 5,300 अक्षरांत, मधल्या मोकळ्या जागा धरून. आपल्या मुलांच्या निबंधात आजी येतेच. सुट्टीत भारतात गेलो, आजी आजारी होती, तिचा थरथरता हात हातात घेतला आणि त्याच क्षणी ठरवलं. आमच्या ओळखीतल्या यच्चयावत आज्यांचे गुडघे, मोतीबिंदू आणि मधुमेह कधीच वाटले गेले आहेत. अडचण आहे ती शेजारच्या मुलाची. त्याची आजी ऐंशीला टेकलीय, रोज पहाटे पर्वती चढून येते आणि कोणतीही गोळी घेत नाही. त्याची आई परवा काळजीने मला विचारत होती, निदान दाढदुखी चालेल का?