वरचा गियर, खालचा गियर

आमच्याकडे ‘नवा’ हा शब्द जरा सैल वापरतात. बारा वर्षांपूर्वीच्या फ्रीजला आई अजून ‘नवा फ्रीज’ म्हणते. त्यामुळे अण्णांनी “गाडीला नवं इंजिन टाकतोय” असं जाहीर केलं आणि ते इंजिन माझ्या बरोबरीचं निघालं, तेव्हा कुणी हसलं नाही.

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. पद्मिनी म्हटलं की लोकांना मुंबईची काळीपिवळी आठवते, तीही ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आमची मात्र स्टेशन वॅगन. डिकीच्या जागी ऐसपैस माजघर. त्यात तांदळाची पोती, लग्नाची पातेली आणि एकदा एक शेळी आली आहे; शेळी सर्वांत शांत बसली. इंजिन १०८९ सीसीचं. पुण्याहून साताऱ्याला निघालं की खंबाटकीत खामजाईच्या देवळापाशी थांबायचं, हा आमचा कुळाचार. पाहणाऱ्याला भक्ती वाटे. आम्ही बॉनेट उघडून वाफ जाण्याची वाट पाहत असू.

शेवटी मिस्त्री म्हणाले, “अण्णा, किती वेळा बोअर करणार? वन एटीनचं बसवू.” वन एटीन, म्हणजे ११८ एनई, ही १९८५ साली प्रीमियरनंच काढलेली गाडी, अंग फियाट १२४ चं, इंजिन आणि गियरबॉक्स निसानचा. इटलीच्या कुडीत जपानचा जीव घालण्याचा उद्योग कंपनीनंच आधी करून ठेवला होता, तर आम्ही कोण मागे राहणार? नवं इंजिन ११७१ सीसीचं. फरक ८२ सीसीचा, म्हणजे जेमतेम अर्धा कप चहा. एवढ्यासाठी हा खटाटोप, असं आई म्हणाली. चहाच्या बाबतीत अर्ध्या कपाचं महत्त्व तिला कळायला हवं होतं.

चेनपुलीला लटकलेलं जुनं इंजिन फार लहान दिसलं. नवं आत उतरवलं तर माउंटिंग जुळेना, म्हणून नव्या पट्ट्या वेल्ड केल्या. शाफ्ट लांब पडला. लेथवाल्यानं तो दोन बोटं कापून, जोडून, बॅलन्स करून दिला. नव्या गियरचा दांडा जमिनीतून वर येणार, त्यासाठी पत्रा कापायला घेतला तेव्हा अण्णा गॅरेजबाहेर जाऊन उभे राहिले. नातीचे कान टोचतानाही ते असेच अंगणात गेले होते. परवानगी, अर्ज, आरसी बुकात नवा इंजिन नंबर, हे सगळं त्यांनीच केलं. निवृत्त हेडक्लार्कला कागद म्हणजे विरंगुळा. चावी देताना मिस्त्री एवढंच म्हणाले, “आता पळेल. पण ब्रेक जुनेच आहेत, तेवढं लक्षात असू द्या.”

खरी अडचण वेगळीच निघाली. पद्मिनीचा गियर स्टिअरिंगच्या दांड्याला, डाव्या हाताशी. तो आता कशालाच जोडलेला नव्हता. मिस्त्री काढायला निघाले तर अण्णांनी हात धरला. “राहू द्या. भोक दिसेल.” भोक बुजवता आलं असतं, पण मिस्त्री समजूतदार माणूस.

तेव्हापासून अण्णा आधी वरचा गियर टाकतात. काहीच होत नाही. मग हात खाली नेऊन खरा गियर टाकतात. आमच्या घरात आजोबा होते तोवर असंच चालायचं. कुठलीही गोष्ट आधी त्यांच्या कानावर घालायची, त्यांनी मान हलवायची, आणि काम माजघरात आधीच ठरल्याप्रमाणे व्हायचं.

नव्या इंजिनावर पहिल्यांदा साताऱ्याला निघालो, तेव्हा खंबाटकीत गाडी तापली नाही. काटा जागचा हलला नाही. तरी देवळापाशी अण्णांनी गाडी बाजूला घेतली. आम्ही उतरलो. अण्णांनी बॉनेट उघडलं, वाफ नव्हती. आईनं सवयीनं आणलेली पाण्याची कॅन दोघंही थोडा वेळ बघत राहिले. मग आईनं ती उचलून वडाच्या रोपाला घातली.

“चला,” म्हणत अण्णा बसले आणि त्यांनी वरचा गियर पहिल्यात टाकला.

“खालचा,” आई म्हणाली.

“टाकतो गं. ह्याला आधी सांगू दे.”