सात मीटरवरची शांतता

कोथरूडमध्ये शांतता सगळ्यांनाच प्रिय आहे. फक्त ती समोरच्याने पाळायची असते. आमच्या सोसायटीच्या दारात ‘दुपारी 1 ते 4 बेल वाजवू नये’ अशी पाटी आहे आणि तिच्याखाली ‘वरील सूचना कुरिअरवाल्यांनाही लागू’ अशी दुसरी. वरच्या मजल्यावर कुणी ड्रिल सुरू केलं की पाचव्या मिनिटाला सेक्रेटरींच्या मोबाइलवर त्याचं रेकॉर्डिंग पोचतं. हीच मंडळी 2 ऑक्टोबर 2022च्या मध्यरात्रीनंतर चांदणी चौकातला जुना पूल स्फोटकांनी पाडणार म्हणून गच्चीवर जागत बसली होती, आणि ‘एवढाच आवाज?’ असं म्हणत नाराज होऊन खाली उतरली. पूलही एका दणक्यात पुरता पडला नव्हता म्हणा. राहिलेला भाग यंत्रांनी पाडावा लागला.

अशा वस्तीत राहून आमच्या घराने जनरेटर घ्यायचा ठरवला.

कारण भावजी. निवृत्त झाल्यावर लोक बागकाम करतात, भावजींनी एक जुनी ट्रॅव्हलर घेतली. कंपनी आकुर्डीची, म्हणजे तशी गावातलीच मुलगी. त्या कंपनीचं नाव 2005पासून फोर्स मोटर्स झालं असलं तरी भावजींच्या तोंडी ती अजून बजाज टेम्पोच आहे, आणि लहानपणी मॅटाडोरमधून केलेल्या अष्टविनायकाच्या आठवणी ऐकायला त्यांना कुणीही चालतं. 2021 साली राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, त्या बातमीचं कात्रण त्यांनी गाडीच्या कागदपत्रांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलंय. आत दोन बाक, एक ओटा, वर टाकी, मागे पडदा. आरटीओची कहाणी स्वतंत्र लेखाची आहे, ती इथे नको.

गाडी तयार झाली आणि प्रश्न आला तो आमच्या ‘ह्यां’चा. हे घोरतात. डॉक्टरांनी झोपेची तपासणी करून रात्री नाकाला लावायचं सीपॅप मशीन दिलं, तेव्हापासून आमच्या खोलीत शांतता आहे आणि शेजारच्यांशी आमचे संबंध सुधारले आहेत. पण मशीनला वीज लागते. रानात वीज म्हणजे जनरेटर. म्हणजे ह्यांचा आवाज बंद करायला मशीन, मशीन चालवायला जनरेटर, आणि जनरेटरचा आवाज सहन करायला आम्ही सगळे. भावजींनी हे गणित ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वहिनी, शांत जनरेटर मिळतो.”

आता गंमत बघा. दहाणूकर कॉलनीत कमिन्सचा कारखाना. 1962मध्ये किर्लोस्कर कमिन्स म्हणून सुरू झालेला. अमेरिकेत ज्या फिरत्या घरांना आरव्ही म्हणतात, त्यांच्या पोटात ‘ओनान’ नावाचे जनरेटर बसवलेले असतात, तेही याच कमिन्सचे. वर वेताळ टेकडीवर एआरएआय. मोटारींबरोबर जनरेटरचाही आवाज नि धूर तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी ही एक. खाली इंजिन बनतंय, वर आवाज मोजला जातोय, आणि मधे आमच्या सोसायटीत जनरेटर म्हणजे काय ते एकालाही नीट ठाऊक नाही! सोसायटीला डिझेलचा आहे एक, लिफ्टपुरता. पण तो वॉचमनने चालू करायचा आणि आपण बाल्कनीतून ‘आला का आला का’ विचारायचं, एवढाच परिचय.

आमच्या या अज्ञानाला इतिहास आहे. राज्यभर भारनियमन चालू असताना 2006 साली पुण्याने वेगळी वाट काढली होती. कारखान्यांनी मागणीच्या वेळी आपापले जनरेटर चालवून ग्रिडवरचा भार हलका करायचा आणि त्याचा जादा खर्च पुणेकर ग्राहकांकडून बिलात घ्यायचा. त्याला पुणे मॉडेल म्हणतात. थोडक्यात आम्ही त्या काळी जनरेटरवरच जगलो, पण तो धडधडत होता दुसऱ्याच्या आवारात. कोथरूडला याहून सोयीची व्यवस्था सुचली नसती.

खरी जाणकार निघाली जाऊबाई. तिचं माहेर जालन्याकडचं, वडिलांचं दुकान. तिकडे बारा-बारा तास लाइट नसायची. दुकानाच्या पायरीवर छोटा जनरेटर, पेट्रोलवर चालू करायचा आणि तापला की रॉकेलवर घ्यायचा. दोरी ओढायला ही. तिने पहिल्या बैठकीतच भावजींना विचारलं, “किती वॅटचा भार आहे ते लिहिलंय का कुणी?” कुणीच लिहिलं नव्हतं.

मग यादी झाली. आईंना ओल्या खोबऱ्याच्या चटणीसाठी मिक्सर हवा: 750 वॅट. पुतण्याला लॅपटॉप आणि मॅच बघायला प्रोजेक्टर. चहाची किटली 1500. भावजींना एक टनाचा एसी, चालताना हजार-बाराशे आणि चालू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. ह्यांचं मशीन मात्र जेमतेम पन्नास. आणि सगळ्यांत शेवटी भावजींनी हळूच घातलेली इस्त्री, 1000. “समुद्रावर इस्त्री?” मी विचारलं. “चुरगळलेला शर्ट घालून मी सुट्टी घेत नाही,” ते म्हणाले. एसीचा तो सुरुवातीचा झटका धरून बेरीज सहा हजारांपुढे गेली. एवढ्याचा जनरेटर उचलायला वेगळी गाडी लागते आणि तो ऐकायला वेगळा तालुका.

पुतण्या म्हणाला, “काका, पन्नास वॅट आठ तास म्हणजे चारशे वॅट-अवर. शंभर अँपिअर-अवरची बारा व्होल्टची लिथियम बॅटरी घ्या. दोन रात्री आरामात, आवाज शून्य.” बरोबर होतं त्याचं. पण भावजींच्या पिढीत शून्य आवाजाचं यंत्र बंद पडलेलं समजतात. “आणि तिसऱ्या रात्री?” असं विचारून त्यांनी तो विषय संपवला.

यादी कापायचं काम माझ्याकडे आलं. इस्त्री गेली, एसी गेला, किटलीच्या जागी गॅसची शेगडी आली, प्रोजेक्टर राहिला कारण पुतण्याला गाडी चालवायची होती. चटणी घरूनच वाटून न्यायची ठरली, त्यावर आई दोन दिवस बोलल्या नाहीत. दोन किलोवॅटच्या आत बसलो.

आता ‘शांत’चा अर्थ. साधा जनरेटर 50 हर्ट्झची वीज द्यायला मिनिटाला 3000 फेरे घेतो. घेतच राहतो, लग्नातल्या सनईवाल्यासारखा, मांडवात पाहुणे असोत नसोत. इन्व्हर्टर जनरेटरची रीत निराळी: तो आधी वीज तयार करतो, सरळ करतो आणि इलेक्ट्रॉनिक्समधून पुन्हा हवी तशी काढतो. त्यामुळे भार कमी असला की इंजिनाला दमाने फिरता येतं. वीजही स्वच्छ मिळते, ती ह्यांच्या मशीनसारख्या नाजूक वस्तूला लागतेच. होंडाच्या या जातीतल्या दोन किलोवॅटच्या आसपासच्या पेटीचं वजन 21 किलोच्या घरात, टाकी साडेतीन लिटरची, आणि कमी भारावर ती आठेक तास चालते. म्हणजे एक झोप.

आकडे मात्र माणसाला वेड लावतात. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं 50 डेसिबल. सरकारी नियमात पेट्रोलच्या छोट्या जनरेटरला 2003पासूनची मर्यादा 86. भावजी हादरले: “एवढा फरक?” तर नाही. सरकार मोजतं ते यंत्रातून एकूण बाहेर पडणारी आवाजाची शक्ती, आणि कंपनी मोजते ती बहुधा सात मीटरवर उभं राहून. मोकळ्यावर 86चं यंत्र सात मीटरवर साठ-एकसष्ट भरतं. आमच्या सोसायटीचा डिझेलवाला त्याच्या पेटीपासून एक मीटरवर मोजतात, त्याला 75 चालतात. तीन मापं, आणि ज्याला जे विकायचं तो ते दाखवतो. तापकीर गल्लीत एका दुकानदाराने आम्हाला फूटपाथवर जनरेटर चालू करून दाखवला आणि ‘ऐकू येतंय का काही?’ असं विचारलं. रिक्षा, हातगाड्या आणि समोरच्या दुकानातले स्पीकर यांच्यात आम्हाला त्याचा प्रश्नच नीट ऐकू आला नव्हता.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र सोन्याची हाती लागली. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. सात मीटरवर 50 असेल तर चौदावर 44. निवासी भागाची रात्रीची कायदेशीर मर्यादा 45. म्हणजे आणखी महाग जनरेटर घेण्यापेक्षा अडीच स्क्वेअर एमएमची थ्री-कोअर वायर लांब घ्यावी. मी हे मांडल्यावर घरात प्रथमच एकमत झालं. जाऊबाईने तेवढं विचारलं, “आपल्यापासून चौदा मीटर लांब, म्हणजे शेजारच्या तंबूपासून किती?” त्यावर भावजी म्हणाले की तो प्रश्न शेजारच्या तंबूचा आहे.

जवळ ठेवायचा विचारही झाला होता, चोरीच्या भीतीने. भावजींच्या मते गाडीच्या डिकीत, दार किलकिलं ठेवून. इथे मात्र मी आवाज चढवला. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. जनरेटर गाडीत नाही, गाडीखाली नाही, ओसरीवर नाही, खिडकीजवळ नाही. मोकळ्यावर, धुराचं तोंड पलीकडे करून. याबाबतीत विनोद नको म्हणून मी तो कागदच डिकीच्या आतून चिकटवला.

घेतला शेवटी. एका बऱ्या स्कूटरचे पैसे गेले. नंतर लक्षात आलं की गाडी डिझेलची आणि जनरेटर पेट्रोलचा, आणि पंपावर बाटलीत सुटं पेट्रोल मागितलं की लोक आपल्याकडे दंगलखोर असल्यासारखं बघतात. शेवटी जनरेटरच मांडीवर घेऊन पुतण्या रिक्षाने पौड रस्त्यावरच्या पंपावर गेला आणि तिथे त्याची टाकी भरून आला. रिक्षावाल्याने मीटरशिवाय सामानाचे वेगळे घेतले.

जानेवारीत निघालो. चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, माणगाव, दिवेआगर. एका सुपारीच्या वाडीत गाडी लावली. वाडीच्या मालकांनी जनरेटर बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात त्यांची अर्धी वाडी आडवी झाली होती आणि पुढे कित्येक दिवस गावात लाइट नव्हती. “तेव्हा हा आवाज ऐकू आला की लोक मोबाइल घेऊन धावत यायचे,” ते म्हणाले. “तुम्ही शांतवाला कशाला घेतला?” याला आमच्याकडे उत्तर नव्हतं.

वाडीच्या टोकाला एक खोली होती, तिथे कोणी जोडपं उतरलेलं. वायर सोडत सोडत आम्ही जनरेटर जिथे ठेवला ती जागा त्या खोलीला आमच्याहून जवळ होती. ती मुद्दाम निवडली असं कुणीही म्हणालं नाही.

दहा वाजून गेल्यावर बॅटरीचा झोत आला. मागे स्वेटर, कानटोपी आणि हातात मोबाइल.

“बावन्न,” गृहस्थ म्हणाले. “रात्री दहानंतर पंचेचाळीस. कोथरूडचे का तुम्ही?”

“तुम्ही कसं ओळखलंत?”

“गाडीच्या मागे ‘कृपया अंतर ठेवा’च्या खाली ‘कृपया म्हटलंय’ असं लिहिलंय. मी मयूर कॉलनीतला.”

भावजी पुढे झाले. मोबाइलचं मीटर प्रमाणित नसतं, आणि आमच्या यंत्राला एआरएआयचं प्रमाणपत्र आहे, असं त्यांनी ठणकावलं.

“असेल,” गृहस्थ म्हणाले. “मी तिथूनच निवृत्त झालो.” मग गुडघ्यावर हात टेकत ते जनरेटरपाशी बसले, बॅटरीचा झोत बाजूच्या पट्टीवर टाकला आणि एक काळं बटण दाबलं. इंजिनाचा सूर एकदम खाली आला. “याला इको म्हणतात. हे बंद ठेवायचं असेल तर रॉकेलवालाच घ्यायचा होतात.” जाऊबाई गाडीतून हसली, तेवढं त्यांना आवडलं असावं. पुन्हा मोजून, अजून दोन जास्त आहेत असं सांगून ते गेले.

अकराच्या सुमाराला गावातली लाइट गेली. वाडीतले दिवे, मालकांच्या घरातला टीव्ही, पलीकडच्या खोलीतला पंखा, सगळं एकदम थांबलं. आमच्या गाडीत ह्यांचं मशीन तेवढं चालू. दहा मिनिटांनी तोच झोत परत आला. या खेपेला कानटोपी हातात आणि खांद्यावर वायरीचं भलंमोठं भेंडोळं.

“एक पॉइंट रिकामा आहे का हो?” त्यांनी खिडकीशी येऊन विचारलं. “माझंही नाकाचं मशीन आहे. पन्नास वॅटच घेतं. नाहीतर घरातली मंडळी मला बाहेर काढतील.”

“या की,” मी म्हटलं. “जनरेटर उचलून तुमच्या दाराशीच ठेवू या हवं तर. वायर कमी लागेल.”

“छे छे,” ते घाईने भेंडोळं सोडायला लागले. “वायर भरपूर आहे. तो तुमच्या बाजूला सरकवा जरा.”