आधी बोर्ड, मग दुकान

पुण्याच्या नाना पेठेत दुसऱ्याच्या स्पेअरपार्टच्या काउंटरमागं दहा-बारा वर्षं काढलेला माणूस एक दिवस मालकाला हळूच म्हणतो, "शेठ, आता स्वतःचं कायतरी बघावं म्हणतोय." शेठ वर न बघता विचारतात, "नाव काय ठेवणार?" गाळा कुठं, भांडवल किती, उधारी कोण देणार, यातलं काही नाही. पहिला प्रश्न नावाचा. माणूस तिथंच अडकतो, आणि पुढचे काही महिने अडकलेलाच राहतो.

वास्तविक याच्याइतका झटपट निर्णय घेणारा माणूस पेठेत शोधून सापडायचा नाही. मिस्त्रीचं पोरगं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, तेलात माखलेलं, अर्धं तुटलेलं काहीतरी काउंटरवर आपटतं आणि "असलंच एक द्या" म्हणतं. हा ते बोटांत धरून एकदा फिरवतो, दाते मोजल्यासारखं करतो आणि सांगतो, "हे जुन्या मॉडेलचं. मिस्त्रीला विचार, गाडी कुठल्या सालची. नाहीतर दुपारी परत येशील." पोरगं दुपारी परत येतंच. ओरिजनल कुठलं, लोकल कुठलं, आणि ओरिजनलच्या डब्यात घातलेलं लोकल कुठलं, हे त्याला झाकण उघडायच्या आधी कळतं. ब्रेकशूच्या चार कंपन्यांतून एक निवडायला त्याला चहाचा घोटसुद्धा थांबवावा लागत नाही. पण स्वतःच्या दुकानाचं नाव म्हटलं की हाच माणूस रात्री एक वाजता उठून पाणी पितो.

गाळ्याचं डिपॉझिट भरून झालेलं असतं. लोखंडी रॅक बसलेले असतात. ओळखीचे दोन डिस्ट्रिब्युटर पहिला माल महिन्याच्या उधारीवर टाकायला तयार असतात. जीएसटीच्या अर्जात व्यवसायाच्या नावाचा रकाना तेवढा मोकळा. सीए रोज फोन करतो. हा रोज "उद्या सांगतो" म्हणतो.

सुरुवात अर्थातच देवापासून होते. पण गल्लीत गणपतीची तीन, साईबाबांची चार आणि स्वामी समर्थांची दोन दुकानं आधीच असतात, आणि एका देवाचं कुरिअर दुसऱ्या देवाकडं जाणं रोजचंच. मग तो घरच्यांकडं वळतो. वडील रमेश, आई मालती. आईवर जीव जास्त, म्हणून आईचं पहिलं अक्षर आधी. "मार ऑटो स्पेअर्स." हे त्याला स्वतःला तीन दिवस फार आवडतं. चौथ्या दिवशी मेव्हणा म्हणतो, "भावजी, गिऱ्हाईक आत येईल का पळून जाईल?" अक्षरं उलटी केली की रमा होतं. नाव छान, मंगल, सुटसुटीत. मग बायको पोळ्या लाटता लाटता शांतपणे विचारते, "आणि माझे दागिने कुठल्या अक्षरात मोडलेत?"

यावर उपाय म्हणून अंकशास्त्री गाठला जातो. तो स्पेलिंगमध्ये शेवटी एक जादा 'ए' घालायला सांगतो; त्याशिवाय बेरीज जुळत नाही, आणि बेरीज जुळली नाही तर माल उठत नाही. दक्षिणा दिली जाते, 'ए' घेऊन माणूस घरी येतो. आता इथं महाराष्ट्र सरकार आडवं येतं. दुकाने व आस्थापनांच्या २०१७ च्या कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असलेल्या दुकानांनाही देवनागरी लिपीतली मराठी पाटी सक्तीची झाली. वर अट अशी, की मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान असायची नाहीत. किरकोळ व्यापाऱ्यांची संघटना कोर्टात गेली, पण सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितलं, की वकिलांवर खर्च करण्यापेक्षा दोन महिन्यांत पाट्या बदला. मराठी पाटीबद्दल आमच्या या गृहस्थाची तक्रार नाहीच, अभिमानच आहे. प्रश्न एवढाच, की पैसे मोजून आणलेला तो जादा 'ए' देवनागरीत दिसतच नाही. 'रमा' हे एका 'ए'नं लिहा नाहीतर दोन, पाटीवर रमाच. अंकशास्त्र्याला फोन केल्यावर तो म्हणाला, बिलबुकात छापा, तेवढं पुरतं.

अशा वेळी पेठेतले जाणते लोक त्याला मोठ्या कंपन्यांचे दाखले देतात. दाखले खरे असतात, पण धीर मात्र देत नाहीत. उलट मोठ्यांनीही नावाच्या बाबतीत जे हाताला लागलं ते उचललंय, अशी शंका येते.

गॅब्रियलचंच बघा. अख्खा महाराष्ट्र शॉकअप म्हटलं की गॅब्रियल म्हणतो, कंपनीही १९६१ साली मुलुंडमध्ये सुरू झालेली, म्हणजे आपल्या दारातलीच. पण नाव आलंय अमेरिकेतल्या क्लीव्हलँडहून. तिथं क्लॉड फॉस्टर नावाच्या माणसानं एक्झॉस्टच्या धुरावर वाजणारा, सुरेल आवाजाचा हॉर्न काढला आणि त्याला तुतारी फुंकणाऱ्या देवदूताचं नाव दिलं. पुढं त्यानं धक्के शोषणारं यंत्र काढलं, तेव्हा हॉर्नचं नाव त्यालाही लागलं. थोडक्यात, ज्याचं कामच गुपचूप धक्के गिळणं, त्याला तुतारीवाल्याचं नाव. सिएटची गोष्ट आणखी पुढची. टायरची ही कंपनी भारतात १९५८ साली आली, भांडुपला कारखाना टाकला; पण नावातली अक्षरं इटलीतल्या तुरिन शहरातल्या विजेच्या तारांच्या धंद्याची आहेत. भांडुपच्या कामगारानं टायर काढले, नाव तारांचं राहिलं. जपानमध्ये शोजिरो इशिबाशी या गृहस्थानं १९३१ साली टायरची कंपनी काढली, त्याआधी घरचा धंदा कापडी पायताणांचा. आडनावाचा अर्थ दगडी पूल. त्यानं त्याचं इंग्रजी केलं, उलटं फिरवलं आणि ब्रिजस्टोन झालं. आईबापांची अक्षरं उलटी करून बघणाऱ्या आमच्या माणसाला हा दाखला फार जवळचा वाटतो. कॅस्ट्रॉल या इंजिन ऑइलच्या नावात एरंडेल आहे, हे मात्र त्याला कुणी सांगू नये. लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेलं त्याच्या अजून लक्षात आहे.

सगळ्यात जास्त तो मदरसनवर थांबतो. १९७५ साली दिल्लीत आई आणि मुलगा मिळून धंदा काढतात, आई स्वर्णलता सेहगल, मुलगा विवेक चांद सेहगल, आणि नाव ठेवतात आई-मुलगा. संपला विषय. आज जगभरातल्या गाड्यांमध्ये त्यांचं वायरिंग आणि आरसे बसतात. "बघ, त्यांनी अक्षरांची जुळवाजुळव केलीच नाही," तो बायकोला सांगतो. बायको म्हणते, "त्यांच्या नावातपण सून नाहीच."

पण या सगळ्या जमातीचा मूळ पुरुष शोधायचा तर फिलाडेल्फियाला जावं लागतं, आणि तो एकटा नाही, चौघं आहेत. पहिलं महायुद्ध संपल्यावर नौदलातून सुटलेले चार दोस्त : इमॅन्युएल रोझेनफेल्ड, मॉरिस स्ट्रॉस, मो रॅडाविट्झ आणि ग्रॅहम जॅक्सन. १९२१ साली प्रत्येकानं दोनशे डॉलर काढले, आठशे जमले आणि शहराच्या पश्चिम भागात त्यांनी मोटारीच्या सामानाचं दुकान थाटलं. गाळा अरुंद होता. पाटीला जागा थोडी, म्हणजे नाव आखूड हवं. आपला माणूस इथं पंचांग उघडेल. त्यांनी रॅककडं बघितलं. रॅकवर व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टची खोकी होती, पेस्टचं नाव 'पेप'. झालं दुकानाचं नाव : पेप ऑटो सप्लाय.

ही पेस्ट काय चीज होती हे कळल्याशिवाय यातली गंमत कळत नाही. त्या काळच्या इंजिनात काजळी धरायची, व्हॉल्व्ह आपल्या जागी नीट बसेनासा व्हायचा आणि गाडीचा दम जायचा. मग हेड उतरवायचं, व्हॉल्व्हच्या कडेला ही खरखरीत पेस्ट लावायची, काठीच्या टोकाची रबरी वाटी व्हॉल्व्हच्या डोक्याला चिकटवायची आणि काठी दोन्ही तळव्यांत धरून ताक घुसळल्यागत फिरवत राहायचं. कडेवर सगळीकडून सारखा करडा पट्टा उमटला की काम झालं. जुने मिस्त्री अजूनही असं करतात आणि पट्टा नखानं तपासतात. म्हणजे चौघांनी निवडलेलं नाव ना देवाचं, ना बापाचं, ना गावाचं. रोज खपणाऱ्या आणि रोज हात काळे करणाऱ्या मालाचं.

पुढचं काम पोलिसानं केलं. कंपनीत सांगतात ती गोष्ट अशी, की दुकानाजवळ ड्युटीवर असलेला एक पोलीस दिवा बंद असलेल्या गाड्या अडवायचा आणि चालकांना सांगायचा, "जा, त्या पेपच्या पोरांकडं जा, दिवा घालून घे." पावती फाडण्याऐवजी गिऱ्हाईक पाठवणारा पोलीस! आमच्या स्पेअरपार्टवाल्याला या गोष्टीतला हाच भाग खोटा वाटतो. पण पोरं म्हटलं की पोरंच. लोक तसंच म्हणायला लागले आणि 'पेप बॉइज' हे नाव लोकांच्या तोंडून येऊन पाटीवर बसलं.

त्यातही मॉरिस स्ट्रॉस हा आपल्या माणसाचा खरा पूर्वज, कारण नाव मिळालं, चाललं, तरी त्याचं समाधान होईना. १९२३ च्या सुमारास तो कॅलिफोर्नियाला गेला. तिथं त्याला बायकांच्या कपड्यांचं एक दुकान दिसलं : मिनी, मॉड अँड मेबल्स. दुसरा कुणी दुकान बघून पुढं गेला असता. हा नाव घेऊन घरी आला. परतल्यावर पाटी झाली 'पेप बॉइज : मॅनी, मो अँड जॅक'. मॅनी म्हणजे रोझेनफेल्ड, मो म्हणजे तो स्वतः, जॅक म्हणजे जॅक्सन. रॅडाविट्झ आधीच आपला हिस्सा घेऊन बाहेर पडला होता, त्यामुळं एकाच पाटीवर दोन मो लिहायची पाळी टळली. तिघांची हसरी व्यंगचित्रं काढून घेतली आणि ती दुकानावर झळकली. मग जॅक्सनही गेला. त्याच्या जागी मोचा भाऊ इझी आला, चित्रातला चेहराही इझीचा झाला, पण त्याच्याखाली नाव जॅकच राहिलं. नावाला चाल लागली होती. चेहऱ्यासाठी कोण पाटी पुन्हा रंगवतो! २०१६ साली अमेरिकन गुंतवणूकदार कार्ल आयकान यांच्या कंपनीनं हा धंदा सुमारे एक अब्ज डॉलरला घेतला, तेव्हाही पाटीवर हेच त्रिकूट होतं.

आमच्या माणसाचा प्रश्न शेवटी त्याच्या नकळत असाच सुटतो. इंजिन ऑइलच्या कंपनीचा सेल्समन येतो आणि म्हणतो, "बोर्ड आमच्याकडून घ्या, फुकट. आतून लाइटचा. वर्षाला एवढे डबे उचला, बास." फुकट बोर्ड नाकारणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय. चार दिवसांत दहा फुटी पिवळाधमक बोर्ड लागतो. त्यावर डबा चार फुटांचा, कंपनीचं नाव तीन फुटांचं, आणि उजव्या कोपऱ्यात, डिलिव्हरीवाल्याला चष्मा लावूनही वाचता येऊ नये इतक्या बेतानं : 'रमा ऑटो स्पेअर्स'. ज्या नावासाठी देव, आई, बाप, बायको आणि अंकशास्त्री इतके जण कामाला लागले, त्याला एवढीच जागा उरते.

उद्घाटनाला सत्यनारायण होतो, पेढे वाटले जातात, शेठ स्वतः येऊन पहिली खरेदी म्हणून एक फॅनबेल्ट घेतात आणि सवयीनं डिस्काउंट मागतात. बायको कोपऱ्यातली अक्षरं शोधते, सापडल्यावर सासूबाईंना दाखवते. सासूबाई म्हणतात, "दिवे छान लागलेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकातल्या गॅरेजमधून पोरगं येतं. हातात गॅस्केटचा फाटका तुकडा, कपाळाला ग्रीस.

"असलं एक द्या."

हा तुकडा बघतो, रॅकवरून गॅस्केट काढतो, मोठ्या हौसेनं कोऱ्या बिलबुकाचं पहिलं पान उघडतो. पानावर ठसठशीत 'रमा ऑटो स्पेअर्स', इंग्रजीत खाली जादा 'ए' सकट. रक्कम घालतो, सही करतो, फाडून देतो. पोरगं बिल वाचतं, बाहेर जाऊन बोर्डाकडं बघतं आणि परत आत येतं.

"काका, हे दुसऱ्याचंच बिल दिलंत. मला उस्तादनी पिवळ्या डब्यावाल्याकडं पाठवलंय."