सबमिट झालं का हो?

"झालं एकदाचं सबमिट! आता मी मिक्सर लावायला मोकळी," काकूंनी भिंतीपलीकडून जाहीर केलं आणि मास्क हनुवटीवर ओढून त्या कढीपत्त्याच्या झाडाशी येऊन उभ्या राहिल्या.

मुलुंड पूर्वेला, मिठागर रोडच्या आतल्या एका गल्लीत आमची आणि त्यांची सोसायटी पाठीला पाठ लावून आहे. मधली भिंत छातीएवढी. 2020 च्या त्या वर्षात या भिंतीला फार मोल आलं होतं. कोणाच्या घरी जायचं नाही, जिन्यात रेंगाळायचं नाही. पण भिंतीच्या दोन अंगांना उभं राहिलं, की अंतराचा नियमही पाळला जायचा आणि पोटातलं ओठावरही यायचं. दिवस होता गुरुवार, 15 ऑक्टोबर. अधिक महिना दुसऱ्या दिवशी संपत होता.

"काकांचा शेवटचा पेपर ना आज?" मी विचारलं.

"काकांचा कसला, आमच्या सगळ्या घरादाराचा! अहो वहिनी, उद्या जावयाला वाण द्यायचंय. तेहतीस अनारसे तळायचेत. पीठ कधीचं तयार आहे. पण नेटला रेंज मिळते फक्त स्वयंपाकघरात, ओट्याच्या त्या कोपऱ्यात. म्हणजे परीक्षा कुठे? ओट्यापाशी. कॅमेरा चालू, ह्यांच्या मागे आमची डब्यांची मांडणी, आणि मी दाराबाहेर झारा हातात घेऊन उभी. परवा कुकरची शिट्टी झाली तर मला नजरेनेच हद्दपार केलं."

काकांनी बँकेतून व्हीआरएस घेतली आणि एलएलबीला नाव घातलं, तेव्हा गल्लीत हसणारे पुष्कळ होते. मध्येच बार कौन्सिलने तीन वर्षांच्या कोर्सला वयाची तिशीची अट आणली होती. 2017 च्या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने तिला स्थगिती दिली, आणि त्याच वर्षी काका पाठीला सॅक लावून कॉलेजला निघाले. काकूंना तेव्हाच वाटलं होतं, की हे कोर्ट आपल्या संसारात लुडबुड करतंय.

"आता बघा, हे शेवटचं वर्ष," काकू म्हणाल्या. "सुखाने पार पडेल म्हणावं तर उन्हाळ्यात कुलुपं लागली. सरकार म्हणतं परीक्षा नको, तिकडे दिल्लीत यूजीसी म्हणतं हवीच. युवासेना गेली सुप्रीम कोर्टात. ह्यांनी तर पुस्तकं बांधून माळ्यावर टाकायची तयारी केली होती. आणि 28 ऑगस्टला निकाल आला: परीक्षेशिवाय पदवी नाही, राज्याला फार तर तारीख पुढे मागता येईल. त्या दिवशी जेवले नाहीत नीट."

"पण घरी बसून द्यायची म्हटल्यावर बरं वाटलं असेल ना?"

"अहो, बरं कसलं! तास एक, मार्क पन्नास आणि सगळे चार पर्यायांचे प्रश्न. वकिलीच्या पोराला तुम्ही 'अ, ब, क, ड' देता? त्याला चारही बरोबर वाटतात! इतकी वर्षं संसार केला मी ह्यांच्याशी. 'चहा घेणार का' याला कधी सरळ हो-नाही म्हणाले नाहीत. 'परिस्थितीवर अवलंबून आहे' म्हणतात. तो माणूस एका तासात टिक मार्क करत सुटणार? पानंच्या पानं लिहायची सवय. 'या ठिकाणी एक अपवाद नमूद करावासा वाटतो' हे लिहायला त्या पडद्यावर जागाच नाही."

यात तथ्य होतं. कायद्याच्या पेपरात मार्क मिळतात ते 'परंतु'ला, आणि त्या गोल टिकल्यांत 'परंतु' कुठून बसायचा? माझ्या मते त्या वर्षीच्या पोरांचं खरं नुकसान हे झालं. कॉपी झाली, नाही झाली, हा वाद लोकांनी उगाच वाढवला.

"कॉपीचं काय हो?" मी भिंतीवर कोपरं टेकून हळूच काढलं. (हे विचारल्याशिवाय भिंतीशी यायचं कशाला?)

काकूंनी आवाज उतरवला. "आमच्याकडे नाही. ह्यांना कॉपी करायला चष्मे दोन लागतात, एक पडद्याचा, एक पुस्तकाचा. तोवर तास संपतो. पण तुमच्या भाचीचं काय झालं ते सांगा ना! ती बंगलोरची परीक्षा?"

आता माझी पाळी होती. भाचीचं प्रकरण म्हणजे सप्टेंबरभर आमच्या घरात पेटलेला वणवा. देशातल्या बहुतेक नॅशनल लॉ युनिव्हर्सिट्यांची प्रवेशपरीक्षा एकच असते, क्लॅट. ती पुढे पुढे जात राहिली, तेव्हा बंगलोरच्या नॅशनल लॉ स्कूलने स्वतःची वेगळी परीक्षा काढली. एनएलएटी नाव. 3 सप्टेंबरला जाहीर, 12 तारखेला परीक्षा, तीही घरून. 40 प्रश्न, 45 मिनिटं. आणि लक्ष ठेवायला माणसाच्या जोडीला यंत्र! मान कुठे वळली, डोळे कुठे गेले, सगळं टिपणार.

"अगं बाई! आणि पोरीला डोकं खाजवायची सवय," काकू कळवळल्या.

"ती पुतळ्यासारखी बसली होती. आजी मागून गेली, तर आजीच्या अंगावर ओरडायचं का नाही, याचाच विचार पोरगी दोन मिनिटं करत होती. बोललं तर यंत्र पकडणार, नाही बोललं तर आजी पकडली जाणार. आणि एवढं करून काय? 21 सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने सगळी परीक्षाच रद्द केली. कोर्टात कोण गेलं होतं माहितीये? एका मुलाचे पालक, आणि त्याच लॉ स्कूलचे माजी कुलगुरू, वेंकट राव."

"माजी कुलगुरूच?"

"तेच तर! न्यायमूर्ती अशोक भूषण यांच्या खंडपीठाने सांगितलं, क्लॅटनेच प्रवेश द्या. मग 28 तारखेला पोरगी सेंटरवर जाऊन, सॅनिटायझर चोळून, क्लॅट देऊन आली. म्हणते, 'मावशी, यंत्रापेक्षा सुपरवायझर बरा, तो जांभई तरी देतो.'"

काकू खूप वेळ हसल्या. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "सोमवारचं आठवतंय ना?"

कोण विसरणार! 12 ऑक्टोबर, सोमवार, सकाळचे दहा. कळवा-पडघ्याच्या बाजूला लाइनी बंद पडल्या आणि सगळी मुंबई अंधारात. लोकल जागच्या जागी थांबल्या. आम्हा मुलुंडकरांची वीज महावितरणची, अंधेरी-बोरिवलीवाले अदानीचे. एरवी त्यांचे दिवे असतात तेव्हा आमचे नसतात आणि आमचे असतात तेव्हा त्यांचे नसतात. त्या दिवशी तेवढी एक समता आली.

"तिसऱ्या मजल्यावरच्या मुलाचा कॉमर्सचा पेपर होता," काकू सांगत होत्या. "लॅपटॉपची बॅटरी अर्धी, मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, तर टॉवरच झोपलेला. खाली येऊन वॉचमनला विचारतोय, 'काका, तुमच्या मोबाइलला रेंज आहे?' वॉचमन म्हणाला, 'मला तर रोजच नसते.' मग बातमी आली, त्या दिवसाचे पेपर पुढे ढकलले. पण ती बातमी कळायला नेट लागतं! पोरगं बिचारं त्यापूर्वीच रडून मोकळं झालं होतं."

"काका काय म्हणाले?"

"काय म्हणणार? नेहमीचंच. म्हणाले, बघ, या मार्चमध्ये सुप्रीम कोर्टाने देशातल्या सगळ्या दाव्यांच्या मुदती थांबवल्या. करोना आहे, कोर्टात यायला जमत नाही, म्हणून. दावा उशिरा लावला तरी चालेल. आणि इथे मात्र तास म्हणजे तास! एक मिनिट उशीर झाला की पडदा आपोआप बंद. मी म्हटलं, तुम्ही कोर्टाला सांगा."

आणि मग काकू भिंतीवर आणखी पुढे झुकल्या. आता खरी गोष्ट येणार, हे मी ओळखलं.

"खरी भीती पेपरची नाही हो वहिनी. ह्यांना धसका त्या सबमिटच्या बटणाचा. पूर्वी कसं, पुरवण्या बांधल्या, सुपरवायझरच्या हातात पेपर दिला, त्याने समोर सही घेतली. कोणी नाही म्हणू शकत नाही. इथे बटण दाबलं, गोल गोल फिरलं, 'थँक यू' आलं. कोणाला दिला? कुठे गेला? उद्या 'तुमचा पेपर आलाच नाही' म्हणाले तर?"

"तसं कसं म्हणतील?"

"का नाही म्हणणार? विद्यापीठाचं 2017 चं विसरलात? तेव्हा तर पेपर चांगले कागदावर लिहिलेले होते! नुसती तपासणी काँप्युटरवर न्यायची ठरली. सतरा लाखांच्या वर उत्तरपत्रिका स्कॅन करायच्या, प्राध्यापकांनी पडद्यावर तपासायच्या. एप्रिलचे पेपर, राज्यपालांनी 31 जुलैची मुदत दिली, तीही हुकली. लॉचे निकाल तर रखडत रखडत सगळ्यांच्या मागून. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुखांना घरी जावं लागलं. ह्यांचं ते पहिलंच वर्ष. सिनियर पोरं फोर्टात मोर्चे काढत होती, आणि हे त्यांना पाणी पाजत होते. तेव्हापासून ह्यांच्या डोक्यात बसलंय: लिहिलंस ते महत्त्वाचं नाही, दिलंस हे सिद्ध करता येतं का ते बोल."

"मग सिद्ध काय केलं?"

"दर पेपरला माझ्या मोबाइलवर 'थँक यू'चा फोटो काढला. आणि काल रात्री जेवताना मला जालन्याची केस शिकवली."

मला ही केस माहीत नव्हती. काकूंनी ती अशी सांगितली, की त्यांनीच सनद घ्यायला हरकत नव्हती.

"2014 ची विधानसभा. जालन्यात शिवसेनेचे अर्जुन खोतकर निवडून आले, काँग्रेसचे कैलास गोरंट्याल पडले. किती मतांनी? फक्त 296! गोरंट्याल गेले हायकोर्टात. म्हणाले, उमेदवारी अर्ज द्यायची वेळ होती 27 सप्टेंबरला दुपारी तीनपर्यंत, आणि खोतकरांनी दिला तीननंतर. पुरावा काय? अधिकाऱ्यांच्या दालनातलं चित्रीकरण. कॅमेऱ्यात घड्याळ असतं ना! औरंगाबाद खंडपीठाने 2017 मध्ये निवडणूकच रद्द केली. म्हणजे बघा, आमदारकी गेली कशाने? उशिरा सबमिट केल्याने!"

"आणि मग?"

"मग सुप्रीम कोर्ट. तिथे वाद असा, की चित्रीकरणाची कॉपी आणलीत, पण तिच्यासोबत पुराव्याच्या कायद्यातल्या कलम 65 बीचं सर्टिफिकेट कुठाय? गोरंट्याल बिचारे अधिकाऱ्यांकडे मागून मागून थकले होते, कोणी देईना. यंदा 14 जुलैला निकाल लागला. कोर्ट म्हणालं, सर्टिफिकेट हवंच हवं. पण मूळ यंत्रच कोर्टात आणून ठेवलंत तर नको. आणि एखाद्याने सगळे प्रयत्न करूनही अधिकारी देत नसेल, तर त्याची अडवणूक करू नका. खोतकर हरले. पण तोवर ती विधानसभा संपून 2019 ची निवडणूक होऊन गेली होती, आणि गोरंट्याल कधीच निवडून आले होते!"

(ते 65 बी आता इतिहासजमा झालं. 2024 च्या जुलैपासून पुराव्याचा कायदाच नवा आला, आणि तेच कलम 63 झालं. काकांनी एवढ्या निगुतीने पाठ केलेला आकडा वाया गेला. पण काकू अजूनही 65 बीच म्हणतात.)

"म्हणजे काकांकडे सर्टिफिकेट आहे?" मी विचारलं.

"सर्टिफिकेट नाही, म्हणून तर मूळ यंत्र! आणि मूळ यंत्र कोणतं? फोटो माझ्या मोबाइलमध्ये, म्हणजे माझा मोबाइल! आता निकाल लागेपर्यंत तो विकायचा नाही, दुरुस्तीला द्यायचा नाही, त्यातलं काही पुसायचं नाही. मेमरी भरून वाहतेय. लेकीने अनारशांची कृती पाठवली, ती उघडेना. म्हटलं, अहो, ते वर्षापूर्वीचे 'सुप्रभात'चे फोटो तरी काढू का? तर म्हणाले, पुराव्याला हात लावू नकोस."

"आणि आता सुटले ना एकदाचे?"

"कसले सुटतात! अजून बारची परीक्षा आहे म्हणे. पुस्तकं उघडी ठेवून द्यायची. घ्या! जेव्हा बंद ठेवायची होती तेव्हा घरी बसवलं, आणि जेव्हा उघडायची परवानगी, तेव्हा सेंटरवर जा. मी विचारलं, मग वकील झाल्यावर पहिली केस कोणाची? तर सोसायटीची. गच्चीची गळती. नोटिशीचा मसुदा तयार आहे, फक्त नावापुढे ॲडव्होकेट लागायचं बाकी आहे. चेअरमन तर आत्ताच ह्यांना बघून लिफ्टऐवजी जिन्याने जातात."

आतून काकांची हाक आली. काकूंनी मास्क वर घेतला, पण पाय हलेनात. त्यांना काहीतरी मागायचं होतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. अर्धी वाटी नारळाचा कीस असेल, असं मला वाटलं.

"वहिनी, एक काम होतं. हे म्हणत होते, फोटो आहे, पण स्वतंत्र साक्षीदार असला तर बरं. पेपर गेल्यावर ह्यांनी तुमच्या खिडकीकडे बघून हात वर केला होता. पाहिलंत ना तुम्ही? तेवढं दोन ओळी लिहून द्याल?"

"अहो काकू, मी तेव्हा पोळ्या लाटत होते. माझी पाठ होती खिडकीकडे."

काकूंनी क्षणभर विचार केला.

"मग पोळ्या किती वाजता लाटल्या, तेवढं तरी द्या लिहून."