पिंगळ्यांचा सातबारा

तात्यांसमोर ‘घुबड’ म्हणायची सोय नाही. “कुठलं घुबड?” ते लगेच विचारतात, आणि तुमची रात्र गेलीच म्हणून समजा.

तात्या निवृत्त तलाठी. जन्मभर लोकांच्या जमिनींचे उतारे लिहिले, आता पिंगळ्यांचे लिहितात. रात्री अकराला गळ्यात दुर्बीण, डोक्यात माकडटोपी, हातात टॉर्च आणि बगलेत जुनी खतावणी घेऊन ते सोसायटीच्या गुलमोहराखाली उभे राहतात. नव्या वॉचमनने त्यांना दोनदा पकडलं आहे. दोन्ही वेळा तोच ऐकत बसला.

“हे बघा, प्रजाती अथीनी. एकत्र कुटुंब. थोरली पाती युरोपात, ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर तिचा फोटो आहे. अमेरिकेतला बिळात राहतो. बीळ खणलं प्रेअरी डॉगनं, कब्जा याचा! कूळकायदा लागलाच म्हणायचा. आणि हा आपला ठिपक्यांचा पिंगळा. इराणपासून व्हिएतनामपर्यंत वहिवाट. पण श्रीलंकेत एक गुंठा नाही. का, विचारा.”

विचारायचं नसतं.

मात्र रानपिंगळ्याचं प्रकरण निघालं की तात्यांचा आवाज कोर्टात लागावा तसा लागतो. 1873 साली ह्यूमसाहेबाने (हो, तोच, काँग्रेसवाला) या पक्ष्याला हेटेरोग्लॉक्स नावाने स्वतंत्र खातं उघडून दिलं. पुढे फेरफार होऊन तो अथीनीत आला. काहींनी हरकत घेतली, शेवटी डीएनएने अथीनीच्याच बाजूने साक्ष दिली. मधल्या काळात पक्षीच बेपत्ता! शेवटची नोंद 1914ची, गुजरातेतल्या मांडवीची, कर्नल मायनर्ट्‌झहागेन यांची. शोधणारे तिथे जाऊन हात हलवत परत येत.

“आणि ती नोंद बोगस!” तात्या खतावणीवर थाप मारतात. “डेव्हिडसनने 1880च्या दशकात आपल्या खानदेशात मिळवलेला नमुना या गड्याने ब्रिटिश म्युझियममधून उचलला आणि स्वतःच्या नावावर चढवला. कर्नल असून! आमच्याकडे एका खाडाखोडीसाठी माणूस सस्पेंड व्हायचा.”

पुढे पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन बाईंनी जुन्या नमुन्यांची टाक्यान् टाका तपासणी केली, बनावट नोंद बाजूला सारली, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा झाडावर बसलेला सापडला. आता मेळघाटात आहे, तानसातही आहे. बाईंचं नाव घेताना तात्या माकडटोपी काढतात. हा मान त्यांनी एकाही प्रांतसाहेबाला दिलेला नाही.

परवा मी कुठेतरी वाचलं, की रानपिंगळा भर दिवसाही शिकार करतो. म्हटलं, तात्या, मग तुम्ही रात्रीचे का फिरता?

तात्या गप्प. वरच्या गॅलरीतून काकूंचा आवाज आला, “अहो, ऑफिसच्या वेळात तलाठी जागेवर सापडलेला पाहिलाय का कधी कोणी?”