पास झाला, पण गेला नाही

विद्यापीठातल्या ट्रेकिंग क्लबची स्मरणशक्ती फार तर तीन वर्षांची. पहिल्या वर्षी पोरं बूट घेतात, दुसऱ्या वर्षी पदं घेतात आणि तिसऱ्या वर्षी नोकरी घेऊन बंगळूरला जातात. मागच्या सेक्रेटरीला जे जे ठाऊक होतं, म्हणजे एकोल्यात जेवण कुणाकडे सांगायचं, कोणता गाडीवाला ऐन वेळी टांग देतो, दोन नंबरच्या तंबूचा खांब कुठे हरवला, ते सगळं त्याच्याबरोबर रेल्वेत बसून जातं. अशा या विसराळू संस्थेत एकच माणूस कायमचा असतो. तो २००९ साली पास झाला. क्लबातून जायचं मात्र राहून गेलं. त्याला सगळे ‘सिनियर’ म्हणतात.

सिनियर राहतो माणला. बिल्डरच्या जाहिरातीत त्याच्या सोसायटीचा पत्ता ‘हिंजवडी फेज थ्री’ असा आहे, पण विजेच्या बिलावर माण, तालुका मुळशी, असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि सिनियरला त्याचाच अभिमान. ‘मी मुळशीचा माणूस आहे’ असं तो सांगतो. मूळचा तो सांगलीचा. दिवसभर फेज थ्रीतल्या काचेच्या इमारतीत संगणकापुढे बसतो आणि संध्याकाळी गच्चीत जाऊन, कंपन्यांच्या बसगाड्यांच्या आणि मेट्रोच्या खांबांच्या पलीकडे जो डोंगर दिसतो, त्याचं नाव शेजाऱ्यांना सांगतो. शेजाऱ्यांनी विचारलेलं नसतं.

क्लबचं सगळं सामान त्याच्या घरी. तंबू बाल्कनीत, मॅट दिवाणात, हार्नेस आणि कॅरॅबिनर टीव्हीखालच्या कपाटात, आणि रोप? रोप बेडरूममध्ये, कारण रोपला ऊन लागता कामा नये. वहिनींनी एकदा त्यावर ओले कपडे वाळत घातले होते. तो विषय अजून मिटलेला नाही. या गोदामामुळे एक गमतीचा भूगोल तयार झाला आहे. विद्यापीठ पुणे शहरात. ट्रेक मुळशीत. चांदणी चौकातून भूगाव, पिरंगुट करत सरळ पौडला जायचं सोडून पोरं पहाटे उलटी हिंजवडीला जातात, माणला सामान गाडीत भरतात आणि घोटावड्यावरून पुन्हा पिरंगुटलाच येऊन लागतात. यात तासभर जातो. ‘सामान शहरात ठेवू या ना’ असं एका अध्यक्षाने सुचवलं होतं. सिनियरने शांतपणे विचारलं, ‘कुणाच्या घरी?’ तेव्हापासून सगळे माणलाच येतात.

निघायची वेळ पाच. सिनियर पावणेपाचला टॉर्च लावून गेटवर उभा असतो. पोरं सव्वासहाला उगवतात. मग सॅकची तपासणी. जड सामान पाठीला लागून, हलकं खाली, रेनकोट सगळ्यात वर, हे तो दर वेळी सांगतो, आणि दर वेळी एखाद्या पोराच्या सॅकमधून जीन्सच्या दोन पँटी आणि केसांचं जेल निघतं. सिनियर ती जीन्स हातात धरून सर्वांना दाखवतो. ‘ही भिजली की दीड किलो.’ त्या पोराचं नाव पुढे वर्षभर दीड किलोच राहतं.

गाडीत त्याची जागा ड्रायव्हरशेजारी. मुळशीचं पाणी दिसू लागलं की तो मागे वळतो. १९२१चा सत्याग्रह, सेनापती बापट, टाटांचं धरण, धरणाचं पाणी भिऱ्याला उतरवून केलेली मुंबईची वीज, पाण्याखाली गेलेली गावं. माहिती बिनचूक असते आणि खरं सांगायचं तर ती कुणीतरी सांगायलाच हवी. इतक्या पोरांना या पाण्यात नुसता सेल्फीच दिसतो. पण सत्याग्रह ऐन रंगात आला की ताम्हिणीची वळणं लागतात. मागच्या बाकावर कुणीतरी पिशवी मागतं, आणि सेनापती तुरुंगात गेले ते तिथेच राहतात.

निवे, पिंपरी, भांबर्डे करत गाडी एकोल्यात पोचते. घनगडाचा पायथा. इथे सिनियरचं खरं राज्य. जिच्याकडे जेवण सांगितलेलं असतं ती आजी दारातच म्हणते, ‘आलास व्हय रं? आन् यंदाबी पोरांनाच घिऊन आलास? तुज्या वयाचं कुनी न्हाय का?’ सिनियर हसतो आणि चुलीपाशी बसतो. आजीच्या मुलाची जीप चालू आहे का, विहिरीला पाणी किती, हे सगळं पिठलं होईपर्यंत विचारून होतं. अध्यक्ष बाहेर मोबाइलला रेंज शोधत असतो.

गारजाई देवीचं देऊळ मागे टाकून वर गेलं की पंधराएक फुटांचा कडा येतो आणि तिथे लोखंडी शिडी आहे. सिनियर शिडीजवळ थांबतो. ‘आमच्या वेळी ही शिडी नव्हती.’ हे वाक्य ऐकल्याशिवाय घनगड झाला असं क्लबात धरत नाहीत. शिडी नसतानाचा तो कडा त्याच्या गोष्टीत दर वर्षी थोडा उंच होतो. सध्या चाळीस फुटांवर आहे. मात्र शेवटचा पोरगा वर जाईपर्यंत तो खालून हलत नाही. एकेकाचा पाय कुठल्या पायरीवर आहे ते बघत, तोंडाने गोष्ट चालू ठेवून, उभा असतो.

वरून सुधागड, सरसगड दिसतात, आणि तेलबैलाच्या त्या दोन भिंती. सिनियर बोट दाखवून नावं सांगतो, पोरं त्याला बाजूला सरकायला सांगतात, कारण तो फोटोत येतोय.

रात्री तंबू गावालगतच्या मोकळ्या शेतात. स्पीकर लावायला सिनियरची बंदी. त्याऐवजी तो गाण्यांच्या भेंड्या सुचवतो, आणि भेंड्यांत त्याची गाणी कुणालाच येत नसल्यामुळे तो एकटाच दोन्ही बाजूंनी खेळतो. अशाच एका रात्री पहिल्या वर्षाच्या एका मुलीने चहाचा पेला पुढे करत म्हटलं, ‘काका, घ्या ना.’ शेकोटीभोवती शांतता पसरली. सिनियरने पेला घेतला, फुंकर मारली आणि म्हणाला, ‘दादा म्हण.’ मग रात्रभर तो कुणाशी फारसा बोलला नाही. सकाळी कळलं की तिचे वडील त्याच्याहून दोनच वर्षांनी मोठे आहेत.

याच्या वागण्याला पोरं कंटाळतात, हे खरं आहे. क्लबच्या घटनेत त्याला पद नाही. तो स्वतःला सल्लागार म्हणवतो आणि सल्ला न विचारता देतो. पण उतरताना घसाऱ्यावर एकाचा घोटा मुरगळला, तेव्हा क्लबच्या औषधपेटीतून मुदत संपलेला स्प्रे आणि वेफर्सची दोन पाकिटं निघाली. क्रेप बँडेज सिनियरच्या सॅकमधून निघालं. त्याने आठाच्या आकड्यात पट्टी बांधली, पोराची सॅक स्वतःच्या छातीवर अडकवली आणि आजीच्या मुलाला जीप काढायला सांगायला एकाला पुढे पिटाळलं. हे सगळं होत असताना अध्यक्ष ग्रुपवर ‘काय करायचं?’ असा मेसेज टाइप करत होता. तो गेला नाही, कारण रेंज नव्हती.

आमच्या क्लबांना नियमावली आहे, बोधचिन्ह आहे, टी-शर्ट तर दर वर्षी नवा आहे. शिकलेलं पुढच्याला सोपवायची सोय तेवढी नाही. ती सोय होत नाही तोवर हा माणूस जाणार नाही, आणि जाऊही नये.

तेव्हा नव्या सेक्रेटरींनो, पुढचा ट्रेक तेलबैलाचा ठरवताय असं कळतं. रोप माणला आहे. आजच फोन करा, पहाटे पाचला या, आणि दादा म्हणा.